पंप तोच, पाणी वेगळं: मासा खारं-गोडं कसं सांभाळतो

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी अर्धा ग्रॅमही नसतात. आणि माशाच्या रक्तात? ढोबळमानाने ९ ते ११ ग्रॅम मिठाइतकी क्षारता, म्हणजे समुद्राच्या एक तृतीयांशाच्या आसपास. सुरमई समुद्रात फिरते, रोहू गोड्या पाण्यात वाढतो. दोघांच्या भोवतीच्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण त्यांच्या रक्तातल्या मिठात तितका फरक सापडत नाही. समुद्रातल्या माशाचं रक्त किंचित जास्त खारं, एवढंच.

‘मासा पाण्याशी जुळवून घेतो’ असं आपण सहज म्हणून जातो. त्यातून असं वाटतं की पाणी खारं झालं की मासाही आतून खारट होत असावा. हाडांचा सांगाडा असलेले मासे, म्हणजे आपल्या ओळखीतले जवळजवळ सगळे, नेमकं याच्या उलट करतात. बाहेर काहीही होवो, आतलं मीठ आहे तिथेच ठेवायचं, यासाठी त्यांची सगळी धडपड चालते. ती मुख्यतः कल्ल्यांतल्या काही मोजक्या पेशींत आणि त्या पेशींच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणात, रुतलेल्या प्रथिनांच्या रेणूंत चालते. गंमत अशी की खाऱ्या पाण्यात मीठ बाहेर फेकणारा आणि गोड्या पाण्यात मीठ आत ओढणारा मूळ पंप एकच आहे, आणि तो पेशीच्या एकाच बाजूला बसलेला असतो. मग दिशा उलटते कशी? सगळी मजा या प्रश्नात आहे.

आधी अडचण नीट समजून घेऊ. पातळ पडद्याच्या दोन बाजूंना कमी-जास्त खारं पाणी असेल, तर पाणी कमी खाऱ्या बाजूकडून जास्त खाऱ्या बाजूकडे झिरपतं. हेच परासरण. श्वासासाठी कल्ल्याचा पडदा पातळ ठेवावाच लागतो, कारण प्राणवायू त्यातूनच रक्तात शिरतो. काही मायक्रोमीटरच्या या पडद्यातून पाणी आणि क्षारही निसटतात. नदीतल्या माशात पाणी सतत शिरत राहतं आणि मीठ बाहेर झिरपतं. त्याची अवस्था तळाला भोक पडलेल्या होडीतल्या माणसासारखी असते: उपसत राहिलं तरच तरंगायचं. म्हणून तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि मूत्रपिंडातून भरपूर, अगदी पातळ लघवी टाकत राहतो. समुद्रातल्या माशाचं उलट. चहूकडे पाणी असूनही त्याच्या अंगातलं पाणी कल्ल्यांतून बाहेर ओढलं जातं. तहानेने मरायची वेळ येऊ शकते, तीही पाण्यातच.

हा मासा मग समुद्राचं पाणी पितो. १९३० मध्ये होमर स्मिथ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने माशांच्या टाकीतल्या पाण्यात फिनॉल रेड हा रंग मिसळून हे दाखवलं. रंग माशाच्या आतड्यात साठत गेला, म्हणजे पाणी तोंडावाटे आत जात होतं. पण खारं पाणी पिऊन तहान भागत नाही हे तर आपल्यालाही माहीत आहे. माशाचं आतडं यावर एक उलटी वाटणारी युक्ती करतं. अन्ननलिकेपासूनच ते सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे मिठाचे दोन घटक, शोषून घेऊ लागतं. मीठ आत गेलं की आतड्यातलं उरलेलं पाणी तुलनेने कमी खारं होतं आणि मिठाच्या मागोमाग रक्तात येतं. थोडक्यात, पाणी मिळवण्यासाठी मासा आणखी मीठ अंगावर घेतो.

याच आतड्यात आणखी एक प्रकार चालतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. आतडं त्यावर बायकार्बोनेट सोडतं, कॅल्शियम कार्बोनेटचे खडे तयार होतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. विरघळलेलं कॅल्शियम असं घट्ट झाल्याने उरलेलं पाणी शोषणं सोपं जातं. जगभरातल्या माशांनी टाकलेलं हे कार्बोनेट समुद्रातल्या एकूण कार्बोनेट निर्मितीच्या ३ ते १५ टक्के असावं, असा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माशाच्या तहानेचा हिशोब महासागराच्या रसायनशास्त्रापर्यंत पोचतो, हे वाचून मी तरी चाट पडलो होतो.

मॅग्नेशियम आणि सल्फेटचा निचरा मूत्रपिंडं करतात, तेही अगदी थोड्या लघवीतून. पण सोडियम आणि क्लोराइडचा मोठा बोजा काढायचा तर माशाचं मूत्रपिंड कामाचं नाही. रक्तापेक्षा जास्त खारट लघवी त्याला करताच येत नाही. हे काम कल्ल्यांकडे येतं.

अँसेल कीज आणि एडवर्ड विल्मर यांनी १९३२ मध्ये ईल या सापासारख्या लांबट माशाच्या कल्ल्यांत काही मोठ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पेशी पाहिल्या आणि याच क्लोराइड बाहेर टाकत असाव्यात असं सुचवलं. (हेच कीज पुढे माणसाचा आहार आणि हृदयविकार यांवरच्या संशोधनामुळे जगभर गाजले. ईलच्या कल्ल्यांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.) आज या पेशींना आयनपेशी म्हणतात (आयन म्हणजे विजेचा भार असलेला कण; विरघळलेलं सोडियम आणि क्लोराइड अशाच रूपात असतं). सूक्ष्मदर्शकाखाली त्या लगेच ओळखू येतात, कारण ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका त्यांच्यात ठासून भरलेल्या असतात. एवढी ऊर्जा खातं कोण, तर सोडियम-पोटॅशियम पंप.

हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना शोधला आणि १९५७ मध्ये जाहीर केला. चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यासाठी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पंपाचं काम ठरलेलं आहे: पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्चून ३ सोडियम पेशीबाहेर टाकायचे आणि २ पोटॅशियम आत घ्यायचे. आपल्या मेंदूत, स्नायूत, मूत्रपिंडात हाच चालतो.

आता आयनपेशीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. तिची एक बाजू रक्ताकडे, दुसरी पाण्याकडे. समुद्रातल्या माशाला सोडियम पाण्यात टाकायचं आहे, म्हणजे पंप पाण्याच्या बाजूला असायला हवा. पण तो सगळाच्या सगळा रक्ताच्या बाजूला असतो! म्हणजे जे मीठ घालवायचं आहे, तेच तो पेशीतून उचलून पुन्हा रक्तात टाकत बसतो. पहिल्यांदा हे वाचणाऱ्या प्रत्येकाला छपाईची चूक वाटते.

चूक नाही. पंप चालला की पेशीच्या आत सोडियम फारच कमी उरतं, त्यामुळे रक्तातलं सोडियम आत शिरायला टपलेलं असतं. त्याला आत यायला रक्ताच्याच बाजूला एक वाहक प्रथिन आहे, एनकेसीसी-१. त्याची अट अशी की सोडियम एकटं येऊ शकत नाही. एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे सगळे एकत्रच आत यायचे. सोडियमच्या ओढीवर क्लोराइड फुकटात पेशीत येऊन साठतं. आत आलेलं सोडियम पंप पुन्हा बाहेर टाकतो, पोटॅशियमही आपल्या वाटेने रक्तात परततं. पेशीत अडकून राहतं ते क्लोराइड. त्याच्यासाठी पाण्याच्या बाजूला सीएफटीआर नावाची वाहिनी उघडी असते. पेशीच्या आतला भार ऋण, क्लोराइडचाही ऋण. त्यामुळे बाहेर खारं पाणी असूनही क्लोराइड तिकडे ढकललं जातं.

सोडियम मात्र अजून रक्तातच आहे. पण इतकं क्लोराइड बाहेर गेल्यामुळे पाण्याची बाजू ऋण आणि रक्ताची बाजू धन झालेली असते, वीस-तीस मिलिव्होल्टच्या घरात. धनभारित सोडियमला बाहेर ढकलायला एवढा दाब जेमतेम पुरतो. ते पेशीतून जातच नाही. आयनपेशी आणि तिच्या शेजारची छोटी मदतनीस पेशी यांच्या मधल्या फटीतून निसटतं. ही फट मुद्दाम सैल ठेवलेली असते, आणि ती किती सैल हे क्लॉडिन गटातली प्रथिनं ठरवतात. म्हणजे क्लोराइड पेशीतून, सोडियम पेशींच्या मधून, आणि दोघांमागे जोर त्या एकाच पंपाचा.

यातल्या दोन-तीन नावांशी डॉक्टर मंडळींची जुनी ओळख आहे. माणसात सीएफटीआरचं जनुक बिघडलं की सिस्टिक फायब्रोसिस होतो. फुप्फुसातला स्राव घट्ट होतो, कारण तिथेही क्लोराइडच्या मागे पाणी जात असतं. एनकेसीसी-१चं जनुक सर्वांत आधी वेगळं काढलं गेलं ते शार्कच्या गुदग्रंथीतून, १९९४ मध्ये. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या थायझाइड गोळ्या ज्या प्रथिनावर काम करतात, त्याचं जनुक १९९३ मध्ये पहिल्यांदा हाती लागलं ते फ्लाउंडर या चपट्या माशाच्या मूत्राशयातून. माणसाच्या मूत्रपिंडाबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान असं माशांकडून उसनं आलेलं आहे.

गोड्या पाण्यात चित्र पालटतं. इथे पाण्यात सोडियम इतकं विरळ असतं की रक्तातलं प्रमाण त्याच्या शेकडो पटींनी जास्त असू शकतं. पंप मात्र होता तिथेच, रक्ताच्या बाजूला. पण आता त्याचं ‘सोडियम उचलून रक्तात टाकणं’ हेच हवं असलेलं काम आहे. बदलायची असते ती पाण्याकडची बाजू: सीएफटीआर तिथून काढायची आणि सोडियमला आत घेणारी प्रथिनं बसवायची. टिलापिया माशात एनसीसी नावाचं वाहक प्रथिन सोडियम आणि क्लोराइड जोडीने आत घेतं. दुसऱ्या प्रकारच्या आयनपेशींत एनएचई-३ हे प्रथिन एक हायड्रोजन आयन बाहेर देऊन एक सोडियम आत घेतं. या देवाणघेवाणीला अमोनियाची मदत होते. मासे नायट्रोजनचा कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतूनच टाकतात, आणि बाहेर पडलेला अमोनिया तिथला हायड्रोजन आयन पकडून ठेवतो, त्यामुळे पुढचा बाहेर पडायला जागा होते. कचरा टाकता टाकता मीठ आत येतं. ट्राउटसारख्या माशात हायड्रोजन आयन बाहेर फेकणारा वेगळा पंपही पाण्याच्या बाजूला असतो. आणि पेशींमधली ती सैल फट आता घट्ट बंद करावी लागते, नाहीतर मिळवलेलं मीठ तिथूनच गळून जाईल.

समुद्रात किंवा तळ्यात जन्मभर राहणाऱ्या माशाला यातली एकच रचना पुरते. खरी कसोटी खाडीत राहणाऱ्यांची. जिताडा, बोय असे मासे खाऱ्यातून निमखाऱ्यात आणि तिथून गोड्यात जा-ये करतात. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या दलदलीत किलीफिश नावाचा बोटभर लांबीचा मासा राहतो. भरती-ओहोटीबरोबर त्याच्या भोवतीचं पाणी दिवसातून अनेकदा बदलतं, मुसळधार पाऊस आला तर आणखीच. या विषयाच्या संशोधनात या माशाइतका कामाला जुंपलेला प्राणी क्वचितच असेल, आणि त्याला कारण आहे. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आयनपेशींनी खच्चून भरलेली पातळ, सपाट त्वचा असते. कल्ला गुंतागुंतीचा, पिसासारखा. त्यातून विजेचा प्रवाह मोजणं अवघड. ही त्वचा मात्र अलगद सोडवून दोन कप्प्यांच्या मधे ताणून बसवता येते, दोन्हीकडे हवं ते द्रावण घालता येतं आणि क्लोराइडचा प्रवाह थेट मीटरवर वाचता येतो. १९७० च्या दशकात हे तंत्र हाती आलं आणि तोवर तर्काने मांडलेल्या बऱ्याच गोष्टी मोजून पाहता आल्या.

त्याच त्वचेवर दिसलं की पाणी अचानक पातळ झालं तर पहिलं उत्तर काही मिनिटांतच मिळतं. तेवढ्या वेळात नवं प्रथिन बनवणं शक्य नसतं. पेशीत पाणी शिरून ती किंचित फुगते, पटलावरचा ताण वाढतो, आणि आत असलेल्या संदेशवाहक प्रथिनांवरचे फॉस्फेटचे गट काढले जातात. फॉस्फेट गेला की एनकेसीसी-१ आणि सीएफटीआर थंडावतात. आयनपेशीचं पाण्याकडचं तोंड एका छोट्या खड्ड्यात उघडतं. पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे धागे आवळून ते तोंडही मिटून घेता येतं. मीठ बाहेर टाकणं थांबलं. नव्या पाण्यासाठी लागणारी जमवाजमव सावकाश होऊ शकते.

त्या जमवाजमवीचा हुकूम संप्रेरकं देतात. गोड्या पाण्याचं मुख्य संप्रेरक प्रोलॅक्टिन, तेच जे सस्तन प्राण्यांत दूध आणतं. ग्रेस पिकफर्ड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढलेला किलीफिश गोड्या पाण्यात मरतो, पण त्याला प्रोलॅक्टिन टोचलं तर जगतो. टिलापियात ही गोष्ट आणखी बारकाईने पाहता आली, कारण त्याच्या पीयूषिकेच्या पुढच्या टोकाला जवळजवळ निव्वळ प्रोलॅक्टिनच्या पेशी असतात. तेवढा तुकडा काढून बशीतल्या द्रावणात ठेवला आणि द्रावण थोडं पातळ केलं, की मेंदू, नसा, बाकी शरीर काहीच नसताना त्या पेशी प्रोलॅक्टिन सोडू लागतात. रक्त पातळ झालं की पेशी फुगते, ताणाने टीआरपीव्ही-४ ही वाहिनी उघडते, कॅल्शियम आत शिरतं, संप्रेरक बाहेर पडतं. क्षारता ओळखणं आणि त्यावर हुकूम काढणं, दोन्ही एकाच पेशीत.

खाऱ्या पाण्याकडे नेणारी संप्रेरकं म्हणजे वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल. कॉर्टिसॉल दोन्हीकडे हात देतं: वाढीच्या संप्रेरकाबरोबर असलं की मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी तयार होतात, प्रोलॅक्टिनबरोबर असलं की मीठ आत घेण्याला बळ मिळतं. जनुकं चालू-बंद होतात, जुन्या आयनपेशी नवं रूप घेतात, काही मरतात, नव्या जन्मतात. याला दिवस लागतात. म्हणून गोड्या पाण्यात वाढलेला मोझांबिक टिलापिया थेट समुद्राच्या पाण्यात सोडला तर बहुधा मरतो, पण आधी मध्यम खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवून मग सोडला तर मजेत राहतो. सवड मिळाली तर हा मासा समुद्राच्या तिप्पट खाऱ्या पाण्यातही तग धरतो. टाकीतल्या माशांचं पाणी बदलताना घाई करू नका असं जाणती माणसं सांगतात, त्यामागे पेशी बदलायला लागणारा हा वेळ आहे.

दरम्यान बाकीच्या पेशींचं काय? कल्ल्यांचा जम बसेपर्यंत रक्त थोडं खारट होतंच, आणि मेंदूतल्या, स्नायूतल्या पेशींतून पाणी निघू लागतं. मीठ आत घेऊन बरोबरी साधावी तर मीठ प्रथिनांची घडी बिघडवतं. अशा वेळी पेशी निरुपद्रवी लहान रेणू साठवतात. टिलापियात त्यातला महत्त्वाचा म्हणजे मायो-इनॉसिटॉल. तो बनवणाऱ्या दोन एन्झाइमची जनुकं क्षारता वाढताच जोरात चालू होतात, आणि त्या जनुकांशेजारी डीएनएचा असा छोटा तुकडा सापडला आहे, जो खारेपणाचा इशारा मिळताच जनुकाला जागं करतो.

इथवरची सगळी उदाहरणं पाणी बदलल्यावर सुरू होणाऱ्या धावपळीची. सामन मासा पाणी बदलायच्या आधीच कामाला लागतो. नदीत जन्मलेली पिल्लं वसंतात दिवस मोठा होऊ लागला की अंगावरचे पट्टे टाकून चंदेरी होतात. वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल चढतं आणि कल्ल्यांत पंपाचीच अदलाबदल होते: अल्फा-१ए हा गोड्या पाण्याचा प्रकार कमी होऊन अल्फा-१बी हा खाऱ्या पाण्याचा प्रकार वाढतो. मासा अजून नदीतच असतो. ही तयारी थोड्या आठवड्यांपुरतीच टिकते. धरणामुळे किंवा आणखी कशाने वाट अडली आणि समुद्र गाठायला उशीर झाला, तर तयारी उलट फिरते, आणि मग खारं पाणी झेपत नाही. म्हणजे ‘पंप तोच’ हे शीर्षकातलं विधान सामनच्या बाबतीत थोडं सैल घ्यावं लागेल; जात तीच, नमुना वेगळा.

शार्कनी वेगळीच वाट धरली. ते रक्तात युरिया साठवून आतलं द्रावण समुद्राइतकं दाट ठेवतात, म्हणजे पाणी गमावण्याचा प्रश्नच मिटतो. एवढा युरिया प्रथिनांना घातक असतो. त्याला उतारा म्हणून ते टीएमएओ नावाचा रेणूही बाळगतात. बुल शार्क नदीत शेकडो किलोमीटर आत शिरतो तेव्हा तो युरिया बराच कमी करतो, तरी नदीच्या मानाने त्याचं रक्त फारच दाट उरतं आणि त्याला भरमसाट लघवी करावी लागते.

आणि काही बदल एका माशाच्या आयुष्यात बसत नाहीत, त्यांना पिढ्या लागतात. शेवटचं हिमयुग ओसरताना उत्तर गोलार्धात नवी तळी आणि नद्या तयार झाल्या आणि समुद्रातला स्टिकलबॅक हा छोटा काटेरी मासा त्यांत शिरून कायमचा राहिला, एकमेकांशी संबंध नसलेल्या कितीतरी तळ्यांत. २०१२ मध्ये समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या स्टिकलबॅकच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. ठिकठिकाणी तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा वेगळे निघाले. पहिल्या गुणसूत्रावरचा एक तुकडा समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या माशांत एकमेकांच्या उलट दिशेने बसलेला आहे, आणि त्या तुकड्यात जी जनुकं आहेत त्यातलं एक सोडियम-पोटॅशियम पंपाचं आहे.